एका दोरावर

मी बावीस वर्षं लिफ्टच्या कामात आहे. बसवणं नाही, मेंटेनन्स. ठाण्यात घोडबंदर रोडच्या एकोणीस सोसायट्या माझ्याकडे आहेत. महिन्यातून एकदा प्रत्येक मशीन रूममध्ये जायचं, ब्रेक बघायचा, आणि लिफ्ट एकदम हळू चालवत दोरावर चिंधी धरायची. चिंधी अडकली की समजायचं, तिथे तार तुटलेली आहे. मग किती तारा तुटल्यात ते मोजायचं आणि सेक्रेटरीला खर्चाचा आकडा सांगून त्याचा दिवस खराब करायचा.

त्यामुळे मालवणजवळ देवबागच्या किनाऱ्यावर मुलीने पॅरासेलिंगचं, म्हणजे बोटीला दोराने बांधलेल्या छत्रीखाली लटकून उडायचं नाव काढलं, तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, दोर किती?

"किती म्हणजे? एक," स्टॉलवरचा मुलगा म्हणाला.

एक! आमच्या साध्या सात मजली लिफ्टलाही चार दोर असतात. एकटा दोर सगळा भार घेऊ शकेल, तरी चार. शिवाय ते चारही तुटले तरी केबिन पडत नाही, कारण वेग वाढला की गव्हर्नर, म्हणजे वेगावर लक्ष ठेवणारं चाक, सेफ्टी गिअर हा आणीबाणीचा ब्रेक ओढतो आणि केबिन रुळांना घट्ट चावते. १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात हा ब्रेक काढणारा ओटिस स्वतः लिफ्टच्या फळीवर उभा राहिला आणि सगळ्यांसमोर दोर कापायला लावला, फळी जागच्या जागी थांबली. ही गोष्ट आमच्या धंद्यात नवीन पोराला पहिल्या दिवशी सांगतात. मी ती स्टॉलवरच्या मुलालाही सांगायला लागलो. माझ्या मागे रांगेत पुण्याचं एक कुटुंब होतं, त्यांनी ऐकून घेतलं आणि शेजारच्या बनाना राइडच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

मेव्हणा सोबत होता. बायकोचं माहेर कुडाळ, आम्ही तुतारी एक्स्प्रेसने आदल्या दिवशी तिथे उतरलो होतो आणि सकाळी त्याच्याच गाडीतून इथे आलो. तो म्हणाला, "भावजी, तो दोर तुमच्या लिफ्टीचो नाय. चला, मागे लोक थांबलेत."

फॉर्म भरला. बोटीत चढणाऱ्या प्रत्येकाचं वजन घेतात, वर जाणार असो की नुसता बघणार. मी ७८, मुलगी ४८, बायको ६१. वजन मोठ्याने वाचून दाखवायची पद्धत मात्र बंद व्हायला हवी. बायको फक्त बघायला येणार होती, म्हणजे पिशवी, चपला आणि मोबाइल सांभाळायला. मेव्हणा किनाऱ्यावरच राहिला, त्याला ओळखीचा कोणीतरी भेटला होता. मेव्हण्याला सगळीकडे ओळखीचा कोणीतरी भेटतो.

लाइफ जॅकेट दिलं त्याचं मधलं बक्कल अर्धं तुटलेलं. लावलं की लागल्यासारखं वाटायचं, ओढलं की सुटायचं. मी परत दिलं. मुलाने न कुरकुरता आत जाऊन दुसरं आणलं. बाकी सगळ्यांची नारिंगी, माझं निळं. हे निळं जॅकेट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

होडीने मोठ्या बोटीपर्यंत नेलं. सकाळचे साडेनऊ झाले असतील. समुद्र वरून सपाट दिसत होता, पण बोट थांबली की खालून लांब, संथ उसळी येत होती. बोटीच्या मागच्या भागात सपाट फळी आणि तिच्या पुढे विंच, म्हणजे दोर सोडायचं आणि गुंडाळायचं मशीन. मी सरळ विंचकडे गेलो. हायड्रॉलिक मोटर, ड्रम, ड्रमवर दोराचे थर. थर नीट शेजारी-शेजारी बसलेले होते, एकावर एक चढलेले नव्हते. चांगलं लक्षण. तेल गळत नव्हतं. दोर तारेचा नाही, सिंथेटिक, अंगठ्याएवढाही जाड नाही. मी बोटं फिरवून बघायला लागलो तसा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, हसला. पंचवीस-सव्वीसचा असेल, गॉगल कपाळावर.

"काका, कशात आहात तुम्ही?"

"लिफ्ट."

"मग बघा, बघा."

आणि त्याने खरंच दाखवलं. छत्रीच्या बाजूचं टोक सगळ्यात जास्त मार खातं. तिथे गाठ असते, गाठीने दोराची ताकद कमी होते, वर मीठ आणि ऊन. म्हणून ते टोक ठरावीक दिवसांनी कापून टाकायचं आणि पुढच्या ताज्या दोराला नवी गाठ मारायची. दोर आखूड होत जातो, फारच आखूड झाला की नवा. मी विचारलं, शेवटचं कधी कापलं? त्याने शेजारच्या खलाशाकडे न बघता दिवस सांगितला. हे मला आवडलं. ज्याला आठवावं लागतं किंवा दुसऱ्याकडे बघावं लागतं, त्याने केलेलं नसतं.

मग मी माझा खरा प्रश्न विचारला. दोर तुटला तर?

"तर काय, छत्री आहेच की उघडलेली. हळूहळू पाण्यात. दोर तुम्हाला वर धरतच नाय काका. वर वारा धरतो. दोर खाली धरतो."

मी बावीस वर्षं उलट्या बाजूने विचार करत आलो होतो. लिफ्टमध्ये वजन खाली ओढतं आणि दोर ते अडवतो. इथे छत्रीला मागच्या बाजूने झरोके असतात, आलेली हवा तिथून मागे-खाली निसटते आणि छत्री वर चढू बघते. पतंगासारखं. दोर नसेल तर ओढ नाही, ओढ नाही तर छत्री साध्या पॅराशूटसारखी खाली येते. खरी भीती पडण्याची नाही, वारा कुठे नेईल याची. त्यानेच सांगितलं, सकाळी वारा जमिनीकडून असतो. बोटीचं तोंड किनाऱ्याकडे, छत्री समुद्राकडे, म्हणजे काही झालं तरी पाण्यातच. दुपारी वारा समुद्राकडून जोरात सुटला की हिशोब उलटा, तेव्हा पुढ्यात माड, विजेच्या तारा आणि लोकांची घरं. "अकरा-साडेअकरा झाले की वारो फिरता. मग मी बघतो आणि बंद करतो." सगळेच बंद करत असतील असं मी म्हणणार नाही. याने तरी तसं सांगितलं.

शाळेतल्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे यांचे दोन मार्क असायचे. मी नेहमी अदलाबदल करायचो. आता चुकणार नाही, सकाळचे ते मतलई.

आमच्या आधी एक जोडपं गेलं. ते वर असताना बोट संथ चालत होती, डुलत होती, डिझेलचा वास येत होता. मुलीचा चेहरा आधी पांढरा झाला, मग हिरवट. सकाळी मामीने आग्रहाने वाढलेली चार घावणं आणि नारळाचा रस कठड्यावरून अरबी समुद्रात गेला. तिला बोट लागली होती. हट्ट तिचा, रील तिची, दोन दिवस डोकं खाल्लेलं तिने, आणि आता ती खाली बसून म्हणत होती, "बाबा, तू जा. मला फक्त जमीन पाहिजे."

दोघांचे पैसे भरलेले. माणशी हजार, परत मिळणार नाहीत. तांडेलने हिशोब केला. "काका अठ्ठ्याहत्तर, काकी एकसष्ट. चालतंय."

मला वाटलं बायको नाही म्हणेल. कुडाळची असून ती समुद्रात गुडघ्याच्या वर कधी गेलेली नाही. कोकणात जन्मली म्हणून पोहता येतंच असं नसतं, हे घाटावरच्या लोकांना पटत नाही. तिने मुलीच्या डोक्याला ओला रुमाल बांधला, पिशवी तिच्या मांडीवर ठेवली, ओढणी काढून पिशवीत कोंबली, मंगळसूत्र जॅकेटच्या आत घेतलं आणि म्हणाली, "हजार रुपये काय समुद्रात टाकायचे?"

खलाशाने पट्टे आवळले. मांड्यांखालून एक, कमरेला एक. आडव्या दांड्याला आमचे दोघांचे हूक अडकवले. मी माझे दोन्ही हूक हाताने ओढून बघितले, मग तिचे. ती म्हणाली, "झालं का तुमचं सर्टिफिकेट देऊन?" सूचना तीनच. फळीवर बसून राहा, उडी मारू नका. वर गेल्यावर पट्टे धरा, हूक नाही. उतरताना पाय वर.

बोटीने वेग घेतला, विंच सुटला. मला झटका अपेक्षित होता. लिफ्ट सुटताना पोटात येतो तसा, जो कमी करायला आम्ही तासन्‌तास सेटिंग करतो. काहीच नाही. फळी फक्त खाली खाली गेली, जसं कोणी आपल्या बुडाखालून पाट काढून घ्यावा. एवढी मऊ सुरुवात मी आजवर एकाही लिफ्टला देऊ शकलेलो नाही.

आणि मग आवाज गेला. इंजिन, पोरांची गाणी, मुलीच्या ओकाऱ्या, सगळं खाली राहिलं. वर फक्त पट्ट्यांमधून वाऱ्याची हलकी शीळ.

स्टॉलवरच्या फलकावर ३०० फूट लिहिलेलं. ती दोराची लांबी. दोर तिरका जातो, साधारण पंचेचाळीस अंशांत धरला तर उंची दोनशे-दोनशे दहा फूट, म्हणजे वीस-एकवीस मजले. माझ्याकडच्या एका टॉवरची मशीन रूम बरोबर तेवढ्यावर आहे. तिथे मी महिन्यातून एकदा जातो, दार बंद करतो, आणि पंखा, ग्रीस आणि रिलेच्या टकटकीत तासभर काढतो. खिडकी आहे, पण तिच्यासमोर टाकी.

तोंड किनाऱ्याकडे असल्यामुळे समोर सगळं देवबाग होतं. खालून देवबाग म्हणजे रस्ता, दुतर्फा होम-स्टेच्या पाट्या आणि माड. वरून कळलं की ही एक बारीक पट्टी आहे, इकडे समुद्र, तिकडे कर्ली नदी, मध्ये माडांची एक हिरवी रेघ. एवढ्याशा वाळूवर माणसं घरं बांधून, विहिरी खणून राहतात. उजव्या हाताला पट्टी संपते आणि नदी समुद्राला मिळते. तिथे दोन रंगांची सीमा स्पष्ट दिसत होती. संगमाच्या आतल्या अंगाला त्सुनामी आयलंड म्हणतात तो वाळूचा तुकडा आणि त्याच्याभोवती मुंग्यांसारख्या होड्या. पलीकडे भोगव्याची वाळू, त्यामागे निवतीचा डोंगर. डाव्या हाताला लांब, धुक्यात, पाण्याला टेकलेली काळपट रेघ. तो सिंधुदुर्ग. १६६४ मध्ये काम सुरू झालं, तीन वर्षांत संपलं, पायात शिसं ओतलं. तीन किलोमीटरचा तट, आणि वरून कोणीतरी पेन्सिलीने ओढून अर्धवट खोडल्यासारखा.

मी हे सगळं बायकोला दाखवत होतो. ती बघत नव्हती. ती नदीकडे बघत होती.

"आजोबा त्या बाजूने होडीने यायचे," ती म्हणाली. "मासे घेऊन. आम्ही काठावर बसून असायचो. होडी वळणावर दिसली की आजी चूल पेटवायची." मग थोड्या वेळाने, "वळण एवढं जवळ आहे होय."

खालून तांडेलने हात हलवून खूण केली, आणि विंच ओढायला लागला. तेव्हा माझी बायको, जी लग्नाला एकोणीस वर्षं झाली तरी ठाण्याच्या घरात माझ्याशी कधी मालवणीत बोललेली नाही, जी भावाशी फोनवर बोलतानाही मी खोलीत आलो की भाषा बदलते, ती दोन्ही पाय हलवत ओरडली,

"रे झिला! इतक्यात खाली घेव नको रे!"

त्याला काय ऐकू येणार होतं! पण त्याने विंच थांबवला. कदाचित आधीच ठरलेलं असेल, कारण मग बोट हळू करून त्यांनी आम्हाला पाण्यात बुचकळलं, आधी घोट्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, आणि पुन्हा वर उचललं. ती किंचाळत होती. मी पट्टे धरून हुकांकडे बघत होतो.

उतरताना तिने पाय वर घेतले आणि फळीवर नीट बसली. मी सूचना ऐकूनही पाय खाली सोडले आणि घोटा आपटला. अजून निळा आहे.

घड्याळाप्रमाणे साडेचार मिनिटं. सांगताना दहा सांगितलेली. भांडलो नाही.

मुलगी किनाऱ्यावर पाय लागताच बरी झाली आणि तिने कोकम सरबत, कांदाभजी आणि आमचा व्हिडिओ मागितला. व्हिडिओचे तीनशे वेगळे घेतलेले. संध्याकाळी कुडाळला पोचेपर्यंत मोबाइलवर आला. ओटीवर सगळे गोळा झाले, सासूबाई, मेव्हणा, त्याची बायको, शेजारच्या दोघी. आकाशात मोठी लाल-पिवळी छत्री, तिच्याखाली दोन ठिपके, मग जवळून दोन पाय, पाणी, आरडाओरडा.

मी तिसऱ्यांदा बघताना थांबलो. दोघांचीही जॅकेटं नारिंगी होती.

मी बायकोकडे बघितलं. तिने ते माझ्या आधीच पाहिलं होतं. ती हळूच म्हणाली, "काही बोलू नका," आणि व्हिडिओ माहेरच्या ग्रुपवर टाकून दिला.

सासूबाईंनी चष्मा वर सरकवून मोबाइल डोळ्यांपाशी नेला. बराच वेळ बघितलं. मग त्या कोणा परक्या बाईच्या पायांवर बोट ठेवून लेकीला म्हणाल्या, "पाय वर घेतलंस तां बरां केलंस गो."

"मगे?" बायको म्हणाली.

मी घोट्याला हळद लावत बसलो होतो.