मित्राच्या बंदुका माझ्या घरी ठेवल्या तेव्हा

मी डॅलसच्या उत्तरेला राहतो. एच-१बी व्हिसावर असताना बंदूक बाळगण्याचा प्रश्नच नव्हता. शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद सोडले, तर त्या व्हिसावर कायदा परवानगी देत नाही. ग्रीन कार्ड आलं आणि त्याच वर्षी मी पहिलं पिस्तूल घेतलं. रेंजवर मला घेऊन गेला तो माझा मित्र, इथल्या मराठी मंडळातला. "बंदूक कायम भरलेलीच आहे असं धरून चाल," हे त्याने मला पहिल्या दिवशी दहा वेळा बजावलं होतं. माझ्या गॅरेजमधली लोखंडी तिजोरी भिंतीत बोल्ट मारून बसवली, तीही त्यानेच.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर त्याची नोकरी गेली. त्याआधीच वहिनी मुलीला घेऊन न्यू जर्सीला गेल्या होत्या. तो फोन उचलेनासा झाला, उचलला तर "चाललंय" एवढंच म्हणायचा. आम्हीही सगळे तेच ते सांगत होतो: व्यायाम कर, मन गुंतव, होईल सगळं नीट. मग एका शनिवारी तो घरी आला आणि चहा पिताना म्हणाला, "माझी शॉटगन तू ठेव. तुला आवडते ना? कायमची ठेव."

मला आनंद झाला. हे लिहिताना आजही लाज वाटते, पण खरंच आनंद झाला. ती बंदूक त्याचा जीव की प्राण होती. रात्री बायकोला सांगितलं तर ती उठून बसली. म्हणाली, "आवडती वस्तू माणूस कधी वाटून टाकतो रे? उद्या सकाळी जा आणि त्याला सरळ विचार."

त्या रात्री मी वाचत बसलो. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, हे मला बंदूक बाळगूनही माहीत नव्हतं. बंदूक म्हटलं की आपल्या डोक्यात कायम चोर. ह्यूस्टनमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या तरुणांशी बोलून केलेला एक अभ्यास सापडला. त्यातल्या जवळपास चौथ्या हिश्शाने सांगितलं होतं की ठरवणं आणि करणं यात पाच मिनिटांचंही अंतर नव्हतं. आणि प्रयत्नातून वाचलेल्या दहांपैकी नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. म्हणजे ती वेळ टळली तर माणूस बहुतेक राहतो, पण हाताशी बंदूक असेल तर ती वेळ टळायला जागाच उरत नाही. २००९ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये एकाच दुकानातून बंदूक घेतलेल्या तिघांनी आठवड्याभरात जीव दिला. त्या दुकानाचे मालक हादरले आणि आरोग्यक्षेत्रातल्या लोकांसोबत कामाला लागले. बंदूक हाताळण्याचे जुने दहा नियम आहेत, त्यात त्यांनी अकराव्याची भर घातली: जवळच्या माणसावर लक्ष ठेवा, तो खचला असेल तर सावरेपर्यंत बंदूक त्याच्यापासून लांब ठेवा. हे बंदूकवाल्यांनी बंदूकवाल्यांना सांगितलं होतं, म्हणून मला ते पटलं.

सकाळी त्याच्या गॅरेजमध्ये उभा राहून मी विचारलं. शब्द रात्रभर घोकले होते. "सरळ विचारतो, सरळ उत्तर दे. जीव द्यावा असं मनात येतं का?"

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "रोज नाही."

असं विचारल्याने माणसाच्या मनात तो विचार भरवला जातो, अशी आपल्याकडे भीती असते. तसं होत नाही. मी पाहिलं, त्याचे खांदे खाली आले. थोड्या वेळाने तो म्हणाला, "बंदुका काढून घ्यायला आलायस?"

"तुझ्याच आहेत. तू बरा होईपर्यंत माझ्या तिजोरीत राहतील. माझ्यावर अशी वेळ आली तर माझ्या तू ठेवशील."

हे शेवटचं वाक्य त्याला लागू पडलं. त्याची दुसरी भीती अशी, की डॉक्टरकडे गेलो तर बंदूक घेण्याचा हक्क कायमचा जाईल. बंदूक खरेदीच्या वेळी भरायच्या सरकारी फॉर्म ४४७३ मधला मानसिक आरोग्याबद्दलचा प्रश्न कोर्टाने तसं ठरवण्याबद्दल किंवा सक्तीने दाखल केलं जाण्याबद्दल आहे. आपणहून समुपदेशकाकडे गेल्याने हक्क जात नाही. हे कळल्यावर तो तयार झाला. आम्ही तिथूनच ९८८ ला, म्हणजे आत्महत्येचे विचार येणाऱ्यांसाठीच्या अमेरिकेतल्या मदतलाइनला, फोन लावला, स्पीकरवर. पलीकडची बाई चाळीस मिनिटं शांतपणे बोलत होती. तो तिच्याशी इंग्रजीत नीट बोलला, फोन ठेवल्यावर मराठीत रडला.

आता बंदुका हलवणं. आधी एका दुकानात विचारलं. त्यांनी ठेवून घ्यायला नकार दिला. दुसरं दुकान तयार होतं, पण परत घेताना पुन्हा फॉर्म आणि तपासणी लागेल म्हणालं. टेक्सासमध्ये दोन रहिवाशांनी आपसात बंदूक दिली-घेतली तर, घेणाऱ्याला कायद्याने मनाई नसेल, तोवर सरकारी कागद लागत नाही. म्हणून माझ्या घरी ठेवणंच सोपं होतं. वॉशिंग्टन, कोलोराडो, न्यूयॉर्कमध्ये नियम वेगळे आहेत, तिथल्यांनी आधी विचारून घ्यावं. पिस्तूल, शॉटगन, रायफल, तिन्ही रिकाम्या आहेत हे दोघांनी पाहिलं, पेट्यांत बंद करून डिकीत ठेवल्या. गोळ्या वेगळ्या नेल्या. सिरीयल नंबर एका कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. त्याच्या बाथरूममधली जास्तीची औषधंही सोबत घेतली.

घरी पोचलो आणि लक्षात आलं की तिजोरीचा नंबर त्याला पाठ आहे, त्यानेच तर बसवली होती. शिवाय तो नंबर म्हणजे माझ्या मुलाची जन्मतारीख होती, आणि मुलगा पंधरा वर्षांचा. सतराच्या आतल्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं टेक्सासमध्येही गुन्हा आहे. पण मी घाबरलो ते कायद्याला नाही. मुलाला त्या वर्षी शाळेत त्रास होत होता आणि मला तो नंबर कधी खटकला नव्हता. त्याच रात्री बदलला. नवा नंबर बायकोला आणि मलाच माहीत आहे.

नोकरीबरोबर विमाही गेलेला. काउंटीच्या मानसिक आरोग्य केंद्रात उत्पन्नाप्रमाणे फी घेतात, तिथे पहिली वेळ मिळायला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस तो आमच्याकडेच झोपला. नाशिकला त्याच्या ताईला त्याच्याच समोर फोन केला. तिची झोप उडाली, तर तिला टेली-मानस या भारत सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिला. तिथे मराठीत बोलता येतं. बंदुका परत देण्याचं असं ठरलं: त्याने मागायचं, समुपदेशकाशी बोलून झालेलं असायचं, आणि ताईला माहीत असायचं.

आठ महिन्यांनी, नवी नोकरी लागल्यावर, त्याने शॉटगन मागितली. क्ले शूटिंगला, म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या फोडायला, जायचं होतं. तिन्ही अटी पुऱ्या झाल्या होत्या. आम्ही दोघं गेलो, पंचवीसपैकी त्याने एकोणीस फोडल्या, मी अकरा. परतताना त्याने शॉटगनची पेटी स्वतःच्या गाडीत न ठेवता माझ्या डिकीत ठेवली.

"अजून राहू दे तुझ्याकडे," म्हणाला. "सांगेन मी."

मग घरी येऊन आम्ही गॅरेजमध्ये नळी पुसली, तेल लावलं, आणि पेटी तिजोरीत ठेवताना मी नंबर दाबला तेव्हा तो आपणहून पाठ फिरवून उभा राहिला.