हायब्रीड सोडून ड्रॉप बार घेतली, त्याचा माझा अनुभव

माझं दुखणं हाताचं होतं. हायब्रीड, म्हणजे सपाट हँडलची सायकल, मस्त चालत होती, गिअर ठीक, ब्रेक ठीक, पण बेळगावहून खानापूरला जाऊन परत यायचं म्हटलं की देसूरच्या आसपास करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागायचं, घरी येऊन चहाचा कप धरला तरी मुंग्या जात नव्हत्या. तळहाताच्या कडेने, करंगळीच्या बाजूला एक नस जाते, सपाट हँडलवर मनगट सतत मागे वाकलेलं राहतं आणि सगळा भार त्या नसेवर येतो. जेलचे हातमोजे आणले, हँडलच्या टोकांना बार-एंड (पकडायची छोटी शिंगं) बसवले, थोडा फरक पडला पण तेवढाच. मला 200 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राईड, करायची आहे, तिला 13 तास 30 मिनिटं मिळतात, एवढा वेळ एकाच जागी हात ठेवून बसणं मला जमणारं नव्हतं. म्हणून ड्रॉप बार हवा होता, म्हणजे रोड बाईकचं टोकं खाली वाकलेलं हँडल, त्यावर हाताची जागा बदलता येते.

सगळे सांगायचे, अगं नुसतं हँडल बदल, नवीन सायकल कशाला. मलाही ते पटलं होतं, म्हणून शहापुरातल्या आमच्या मेकॅनिक मामांकडे सायकल घेऊन गेले. त्यांनी सायकल स्टँडला लावली, मागचा ब्रेक दाबून दाखवला आणि म्हणाले, "ताई, नुसतं हँडल बदलून भागत नाही बघा. हा व्ही-ब्रेक. ह्याला केबल जास्त ओढावी लागते. रोड बाईकचा लिव्हर तेवढी ओढतच नाही, मग ब्रेक लागणार कसा?" मधे बसवायचा अडॅप्टर मिळतो, पण पुढे अजून भानगडी आहेत. सपाट हँडलची नळी 22.2 मिलिमीटरची आणि ड्रॉप बारची 23.8, त्यामुळे जुने शिफ्टर (गिअर बदलायचे खटके) तिच्यावर चढत नाहीत, म्हणजे शिफ्टर नवे, लिव्हर नवे, केबल नव्या. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, हायब्रीडची फ्रेम सपाट हँडलच्या हिशोबाने लांब केलेली असते, त्यावर ड्रॉप बार लावला की हात अजून पुढे जातात, माझ्यासारखी पाच फूट दोन इंचाची बाई त्यावर आडवी पडायची बाकी राहते. मामांनी कागदावर खर्च मांडून दाखवला, त्यात चांगली जुनी रोड बाईक येत होती. मामांना एवढंच म्हणेन की दुसरा कोणी असता तर पैसे घेऊन हँडल बसवून मोकळा झाला असता.

सायकल शोधताना सगळ्यात जास्त त्रास साईझचा झाला. एका दुकानात तर मोठी फ्रेम माझ्या गळ्यात मारायला बघत होते, "मॅडम, सीट खाली करून देतो की". सीट खाली केली म्हणून फ्रेमची लांबी कमी होत नाही! बायकांनी तर हे अगदी ठाम राहून सांगायला पाहिजे, कारण लहान साईझ दुकानात ठेवतच नाहीत आणि जे आहे ते खपवायला बघतात. शेवटी कोल्हापूरला एकांकडे लहान साईझची मिळाली, शिमानो क्लॅरिसचा गिअर सेट, पुढे 50 आणि 34 दातांच्या दोन चकत्या, मागे आठ चकत्यांची कॅसेट, 11 ते 32 दातांची. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कमध्ये 28 मिलिमीटर रुंदीचा टायर बसतो की नाही ते आधी बघून घेतलं, आपल्या रस्त्यांना 23 चा टायर घेऊन मला जायचंच नव्हतं.

मग मामांकडे एक अख्खी दुपार फिटिंगला गेली, आणि माझ्या मते ह्या सगळ्यात ती दुपार सगळ्यात मोलाची. भिंतीला पाठ लावून, दोन पायांच्या मधे जाड पुस्तक वर दाबून धरून पायाचं आतलं माप घेतलं, ते आलं 74 सेंटीमीटर. त्याला 0.883 ने गुणलं की क्रँकच्या, म्हणजे पायडलचे दांडे फिरतात त्या आसाच्या, मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते, माझी साधारण 65. हा हिशोब सुरुवातीपुरता असतो, नंतर गुडघ्याला काय वाटतं ते बघून थोडं वरखाली करायचं. स्टेम, म्हणजे हँडलला सायकलशी जोडणारा दांडा, 100 मिलिमीटरचा होता तो काढून 80 चा लावला. पण खरा प्रश्न बोटांचा होता. हुडवर, म्हणजे ब्रेक लिव्हरच्या वरच्या रबरी मुठीवर, हात ठेवला की माझी बोटं ब्रेकपर्यंत जेमतेम टोकानेच पोचत होती. लिव्हरमध्ये एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येतो. मामा पाव पाव फेरा फिरवत होते आणि प्रत्येक वेळी, "आता बघा ताई, दोन बोटांनी दाबा." शेवटी पहिल्या दोन बोटांचं मधलं पेर लिव्हरवर नीट बसलं, तेव्हा थांबले, मग ब्रेकची केबल परत ताणली. हे न करता सायकल घरी न्यायची नाही, हात लहान असेल तर मुळीच नाही.

शिकायला सकाळी टिळकवाडीत व्हॅक्सीन डेपोकडे जात होते, रस्त्यावर गर्दी व्हायच्या आत. गिअर ब्रेकच्या लिव्हरमध्येच असतात. उजव्या हाताला अख्खा लिव्हर आत ढकलला की गिअर हलका, मागचं छोटं पातं ढकललं की जड. डाव्या हाताला उलटं, मोठ्या लिव्हरने चेन मोठ्या चकतीवर चढते म्हणजे जड होतं. डोक्याला कळतं पण बोटांना कळायला वेळ लागतो. बाकी हात कुठे ठेवायचे म्हणाल तर बहुतेक वेळ हुडवरच. वरच्या सरळ भागावर चढाला बसल्या बसल्या, आणि खालच्या वाकड्या भागात उताराला किंवा वाऱ्याला. ब्रेकचा जोर खालून सगळ्यात जास्त येतो, म्हणून उतार सुरू व्हायच्या आधीच हात खाली न्यायचे, मधेच नाही.

स्पीडब्रेकरची भीती खूप वाटत होती, आपल्याकडे निम्म्यांवर रंग नसतो. कोपर सैल ठेवायचं, बूड सीटवरून जरा उचलायचं, एवढं केलं की जातं. आणि हवा! टायर भरणारा पोरगा 100 पीएसआय भरतोच म्हणतो, रोड बाईक आहे ना म्हणून. माझं वजन 55 किलो, 28 चा टायर, मला 65 ला सायकल छान वाटते, त्याच्यावर गेलं की खडीवर टणाटण उडते. व्हॉल्व्ह प्रेस्टा, म्हणजे बारीक नळीचा आहे, त्याची वरची बारीक नट आधी सोडवावी लागते, आणि पंक्चरवाल्याच्या पंपासाठी पितळेचं छोटं टोपण मिळतं ते बॅगेत कायम ठेवा, गावाकडे त्याच्याशिवाय हवा भरताच येत नाही.

चढाचं मात्र खरं सांगते, अवघड झालं. जुन्या सायकलला पुढे तीन चकत्या, सगळ्यात लहान 28 दातांची, मागे 32 ची, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्याला चाक पाऊण फेऱ्यापेक्षा थोडं जास्त फिरायचं. आता 34 आणि 32, म्हणजे एक फेरा आणि थोडं वर. हलका गिअर पाचव्या हिश्श्याने जड झाला, आणि येळ्ळूरकडून राजहंसगडावर जाताना शेवटच्या टप्प्यात ते मांड्यांना बरोबर कळतं. उभं राहून मारायला शिकावं लागलं, हुड धरून ते जमतंही छान, सपाट हँडलवर मला ते कधीच आवडलं नव्हतं.

पण ज्येष्ठ-आषाढात वेंगुर्ला रोडला ह्या सायकलचं मोल कळलं. हिंडलगा सोडलं की पश्चिमेचा वारा समोरून छातीवर येतो, सुळगा, तुरमुरी, बाची, आणि हायब्रीडवर शिनोळीला, म्हणजे महाराष्ट्रात पोचेपर्यंत मी पार गळून जायचे. आता हात खाली घेतले, कोपर वाकवलं, अंग लहान केलं, की त्याच वाऱ्यात पाय मारत राहता येतं. वेग फार वाढला असं नाही, पण थकवा खूप कमी. उसाच्या हंगामात मात्र ह्याच पोझिशनमध्ये सांभाळून, खाली बघत गेलं की पुढचा दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर उशिरा दिसतो. एका ड्रायव्हरने गाडी बाजूला घेऊन मला आधी जाऊ दिलं आणि वरून ओरडला, "निधान होग्री अक्का!" (सावकाश जा ताई.) तेव्हापासून उसाच्या दिवसांत मी हुडवरच असते.

मान सुरुवातीला दुखली, सीटवर बसून वर बघायची सवय नसते ना. रोज पोटाचे व्यायाम केले, प्लँक वगैरे, त्यामुळे हातावरचा भार कमी झाला, मानही सुटली. पोटात ताकद नसेल तर सगळं वजन तळहातावर येतं, मग सायकल कितीही महागाची असो, बोटं बधिर होणारच. माझ्या बोटांच्या मुंग्या आता जवळजवळ गेल्यात, लांबच्या राईडला शेवटी शेवटी थोड्या येतात, मग मी हाताची जागा बदलते.

हायब्रीड ठेवली आहे. पावसात पिरनवाडी, किणये करत जांबोटीकडे जायचं तर त्या खड्ड्यांना 35 चा टायरच बरा. रोड बाईकला आता ब्रेक पॅड बदलायचेत, पाऊस थांबला की कणकुंबीपर्यंत जाऊन यायचं आहे.