तुम्ही विचारलंत म्हणून: लोक तुमच्याकडे फुकट का राबतात?

"इतकी शिकलीसवरलेली माणसं तुमच्या शेतावर फुकट कशी काय राबतात हो?" हा प्रश्न मला बरीच वर्षं विचारला जातोय, कधी कौतुकाने, कधी टोचून, आणि अलीकडे एका मुलीने तर सरळच विचारलं, ताई, हे शोषण नाही का? दर वेळी मी चार वाक्यं बोलून वेळ मारून नेते आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकली की राहिलेलं भाषण डोक्यात सुरू होतं. म्हणून एकदाचं लिहून टाकतेय. आमचं शेत पर्माकल्चरचं, म्हणजे निसर्गाच्या रचनेचं अनुकरण करून, वेगवेगळी झाडं एकमेकांच्या आधाराने वाढवणारं. पण पर्माकल्चर सविस्तर काय असतं, मातीवर आच्छादन कशासाठी, एका वाफ्यात सात प्रकारची झाडं का, हे सगळं सोडून देते, विचारणाऱ्यांना ते माहीत असतंच.

आधी माझी बाजू मांडू द्या. "फुकट" हा शब्द मला लागतो. राहायची जागा, दोन वेळचं जेवण, दिवसाला चार-पाच तास काम, आठवड्यात दोन दिवस सुट्टी, असा आमचा व्यवहार आहे आणि तो येण्याआधीच प्रत्येकाला लिहून पाठवते. आणि नवीन माणसाचे पहिले दहा दिवस म्हणजे माझ्या कामात भर असते हो. तण काढ म्हटलं की गाजराची कोवळी रोपं उपटली जातात, कारण तेव्हा दोन्ही सारखीच दिसतात. आच्छादन घालताना पालापाचोळा थेट खोडाला टेकवून ढीग करतात, मग खोड ओलं राहून कुजतं, ते मी संध्याकाळी एकटी फिरून हाताने बाजूला करते. सहा नवीन माणसं आली की त्या दिवशी माझं स्वतःचं काम शून्य. कामच उरकायचं असतं तर रोजंदारीवर दोन सराईत माणसं लावली असती आणि निम्म्या वेळात मोकळी झाले असते.

हे सगळं खरं आहे. पण हे मी इतक्या वेळा म्हटलंय की आता म्हणताना माझं मलाच ऐकू येतं की मी उत्तर टाळतेय.

कारण ऋतूचा हिशोब बघा. पावसाच्या आधी खोदाई, रोपवाटिका, खताचे ढीग. पाऊस लागला की लावणी, आणि मग तण, तण आणि तण. त्यानंतर काढणी, बी धरणं, वाळवणं, आणि कोरड्या दिवसांत डागडुजी आणि पाणी वाहणं. काढणीला यायला सगळे तयार असतात, तेव्हा मला लोकांना नाही म्हणावं लागतं. तण काढायच्या दिवसांत मात्र येतो तो एखादा, आणि जो येतो त्याचा मला फार आधार वाटतो, आणि तिथेच गडबड सुरू होते. आधार वाटणाऱ्या माणसाला आपण चार तास झाले, आता ऊठ, असं म्हणत नाही. तोही उठत नाही. पाच होतात, सहा होतात, मग दोघं मिळून चहा पितो आणि म्हणतो, तेवढी एक ओळ राहिलीय.

ही पद्धत सुरू कशी झाली ते मी नव्या लोकांना आवर्जून सांगते. १९७१ साली इंग्लंडमध्ये स्यू कॉपर्ड नावाच्या, लंडनमध्ये सेक्रेटरीचं काम करणाऱ्या बाईंना वाटलं की आपल्यासारख्या शहरातल्या माणसांना गावाकडे जायचं काही निमित्त हवं, म्हणून त्यांनी ससेक्समधल्या एका शेतावर शनिवार-रविवार कामाला जायचा प्रयोग केला, त्यातूनच पुढे जगभर पसरलेलं वूफ, म्हणजे सेंद्रिय शेतांवर राहण्या-जेवणाच्या बदल्यात काम करणाऱ्यांचं जाळं, उभं राहिलं. सुरुवातीच्या नावातच "वीकेंड" हा शब्द होता. दोन दिवस! दोन दिवस राबून सोमवारी आपापल्या पगाराच्या कामावर परत. मी मात्र लोकांना अख्खा ऋतू ठेवून घेत होते आणि गोष्ट त्या दोन दिवसांची सांगत होते.

मेलबर्नमध्ये २००६ पासून पर्माब्लिट्झ नावाचा प्रकार चालतो, एका दिवसात सगळे मिळून एकाच्या घरची बाग उभी करतात. त्यात आधी दुसऱ्यांच्या बागेत राबायचं, मग लोक तुमच्या बागेत येतात. ते मला सगळ्यात चोख वाटतं. पण तिथे प्रत्येकाकडे स्वतःची बाग असते ना. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांकडे एक कुंडी ठेवायलाही जागा नसते, मग मी त्यांच्याकडे जाऊन काय परत करणार?

सुरुवातीच्या वर्षी मी एक निवेदन लिहिलं होतं, "इथे मालक-नोकर कुणी नाही, ही जागा आपल्या सगळ्यांची आहे." ते परवा पुन्हा वाचलं. लिहिणाऱ्या बाईशी मला भांडावंसं वाटलं. अगं, सात-बारा कुणाच्या नावावर आहे? आज लावलेलं फळझाड नीट फळायला पाच-सात वर्षं जातील, लावणारा सहा आठवड्यांत जाणार, मग ती फळं कोण खाणार? पण तीही खोटं बोलत नव्हती, हेही मला माहीत आहे. तिला खरंच तसं वाटत होतं. सकाळी खताचा ढीग उलटताना आतून वाफ यायची, मीटरभर उंचीचा ढीग पंचावन्न-साठ अंशांपर्यंत तापलेला, सगळे एकेक करून त्यात हात घालून चटका बसला की ओरडायचे, तेव्हा खरंच कुणी कुणाचं मालक नव्हतं.

आता ती गोष्ट, जी मी कुणाला नीट सांगितलेली नाही.

उताराच्या जमिनीवर ऐंशी मीटरचा समपातळी चर काढायचा होता. म्हणजे पाणी वाहून न जाता चरात उभं राहावं, जमिनीत मुरावं, आणि खालच्या बाजूच्या मातीच्या बांधावर झाडं लावता यावीत. समपातळी काढायला आम्ही ए-फ्रेम वापरतो, दोन काठ्या वर बांधलेल्या, मधे आडवी पट्टी, आणि वरून दोरीला दगड लोंबता. दोरी पट्टीवरच्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. त्या वर्षी फ्रेमचा एक पाय मोडला होता आणि मी त्याला नवीन काठी बांधली होती. अशा वेळी फ्रेम उलटसुलट करून दोन्ही बाजूंनी दोरी कुठे येते ते बघायचं आणि मधोमध नवीन खूण करायची, हा पहिला धडा, मी स्वतः शेकडो लोकांना शिकवलेला. त्या दिवशी मी तो केला नाही. ढग यायला लागले होते, सात जण कुदळी घेऊन उभे होते.

त्यातल्या एका मुलाने विचारलं, "ताई, पाय बदलल्यावर खूण परत तपासली का?" अगदी सहज विचारलं त्याने. मी म्हणाले, "झालंय रे सगळं, तू खुंट्या ठोक." झालं नव्हतं. मी खोटं बोलले असंही नाही, मला वाटलं की झालंय, पण हे मी आजही कितपत स्वतःला समजवायला म्हणते ते मला सांगता येत नाही.

चूक केवढी? दोन मीटरच्या पावलाला एक सेंटीमीटर. फ्रेम एका पायावर फिरवत-फिरवत पुढे नेली असती, म्हणजे पाय आलटून-पालटून पुढे आले असते, तर चूक आपोआप कटली असती. पण आम्ही घाईत फ्रेम उचलून जशीच्या तशी पुढे ठेवत गेलो, दर वेळी तोच पाय पुढे. चाळीस पावलं, चाळीस सेंटीमीटर. ऐंशी मीटरमध्ये ते डोळ्याला अजिबात दिसत नाही. आणि सांडवा, म्हणजे जास्तीचं पाणी सुरक्षित बाहेर काढायची जागा, मी दगड लावून केला होता तो नेमका वर राहिलेल्या टोकाला.

नऊ दिवस खोदलं. चार तासांचा नियम त्या नऊ दिवसांत एकदाही पाळला नाही, कारण पावसाच्या आधी संपवायचंच होतं. कुणी कुरकुर केली नाही, उलट गाणी म्हणत खोदायचे, आणि मी तो आनंदच माझ्या बाजूचा पुरावा धरला.

पहिला मोठा पाऊस रात्री आला. एक एकरावर फक्त दहा मिलिमीटर पडला तरी चाळीस हजार लिटर पाणी होतं आणि त्या रात्री त्याहून कितीतरी जास्त पडला. दोनच्या सुमारास खालच्या टोकाकडून आवाज आला, पाण्याचा नाही, माती बसल्याचा, जड पोतं जमिनीवर टाकल्यासारखा. अख्ख्या चराचं पाणी त्या टोकाला जमून बांधावरून चाललं होतं. मी कुणालाही उठवलं नाही, हे मी नेहमी सांगते. पण मी टॉर्च घेऊन पळाले ते पाहून सगळे आपोआप उठून आले, आणि मी त्यांना परत जा म्हणाले नाही. मी म्हणाले, फावडी आणा, पोती आणा.

तोच मुलगा फुटलेल्या जागेच्या अगदी कडेला मातीची पोती लावत होता. कड खचली, तो खाली गेला, उजव्या हातावर पडला. उठून म्हणाला, काही नाही ताई, काही नाही. टॉर्चच्या उजेडात त्याचं मनगट मला दिसलं, ते जसं असायला हवं तसं नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये फॉर्म दिला. रुग्णाचं नाव, वय, सोबत आलेल्याचं नाव, आणि पुढे "रुग्णाशी नातं". मी चिखलाच्या हाताने पेन धरून किती वेळ तशीच उभी होते. मालक लिहू? तो नोकर नव्हता. मैत्रीण? वीस वर्षांनी मोठी आहे मी त्याच्याहून. शिक्षक? त्या दिवशी तर त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. काउंटरवरची बाई म्हणाली, रिकामं ठेवा, चालेल. मी रिकामं ठेवलं.

सकाळी त्याच्या आईचा फोन आला. चिडलेल्या नव्हत्या, तेच जास्त अवघड होतं. म्हणाल्या, "तो तुमच्याकडे कामाला आहे की पाहुणा आहे, मला नीट कळलंच नव्हतं कधी." मी म्हणाले, तसं दोन्ही नाही. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मग त्याची काळजी कोणावर होती?"

सहा आठवडे प्लास्टर. पुढच्या महिन्यात तो सुतारकाम शिकायला जाणार होता, ते वर्षभर पुढे गेलं. हॉस्पिटलचं बिल मी भरलं, तेवढंच मी भरू शकले. जाताना त्याने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. खूण तपासली का असं विचारल्याची आठवणही करून दिली नाही, आणि ती त्याला नक्की होती.

मी ते बाकीच्यांना सांगितलं का? आठ दिवसांनी सांगितलं. आधी मी फक्त पाऊस फार होता असं म्हणत होते.

तेव्हापासून काय बदललं, तर अपघात विमा काढल्याशिवाय कुणाला ठेवत नाही. सहा आठवड्यांच्या वर नाही. चार तास झाले की घंटा वाजते आणि घंटा वाजवायचं काम माझ्याकडे नाही, त्या आठवड्यात ज्याची पाळी असेल त्याच्याकडे, आणि तो मलाही अवजार खाली ठेवायला लावतो. अंधारात आणि पावसात खोदाईच्या जागी कुणी जायचं नाही, बांध फुटला तर फुटू दे. जड खोदाई आता मजुरी देऊन करून घेते, त्यामुळे खूप कमी होते. तो चर पुन्हा सरळ केला तेव्हा ऐंशीऐवजी तीसच मीटर झाला, बाकीचा अजून तसाच वाकडा पडून आहे आणि त्यात तण माजलंय.

तरीही त्या मुलीच्या प्रश्नाला मी हो म्हणत नाही. इथे आलेल्या कितीतरी जणांना मी बघितलंय, पहिल्या दिवशी कुणाच्या नजरेला नजर न देणारी माणसं तिसऱ्या आठवड्यात भांडी कुणी घासायची यावरून कडाकडा भांडताना, बी वाळवताना मूठभर बी खिशात बांधून नेताना. त्यांना तुमचं शोषण झालं म्हणणं मला त्यांचाच अपमान वाटतो. आणि नाही असंही म्हणत नाही. जो चर मजुरी द्यावी लागली असती तर मी काढलाच नसता, तो मी सात जणांकडून नऊ दिवस काढून घेतला, यात मला दुसरा कुठला शब्द सापडत नाही.

मागच्या ऋतूत त्याचा मेसेज आला होता. बांधावर त्याने लावलेली झाडं जगली का, एवढंच विचारलं होतं. पाचातली तीन जगलीत, फोटो पाठवला. हात कसा आहे हे विचारायला टाइप केलं आणि दोन दिवसांनी पाठवलं. बरा आहे म्हणाला, थंडीत दुखतो.

पुढच्या पावसाआधी उरलेला पन्नास मीटर सरळ करायचाय. फ्रेमची खूण मी कालच दोन्ही बाजूंनी तपासून ठेवली. मजुरीचे पैसे सध्या वीस मीटरपुरते आहेत, आणि चार जणांनी लिहिलंय, आम्ही खोदतो की ताई, आम्हाला शिकायचंच आहे. त्यांना अजून उत्तर पाठवलेलं नाही.