दुपारची झोप आणि चिलटं

जेवणं उरकली की बेळगावच्या आमच्या घरात दीड ते चार कुणी कुणाला हाक मारत नाही. फोन वाजला तर उशीखाली जातो. परवा अशाच सामसुमीत पाणी प्यायला उठले, तर फडताळावरच्या केळ्यांच्या फणीवर चिलटं टेकलेली. सकाळी हीच मंडळी नाकातोंडात जात होती. आता चिडीचूप.

मला त्यांचं नवल नाही. यांचीच भावकी मी विद्यापीठात पाळते. म्हैसूर विद्यापीठाच्या साठा केंद्रातून आणलेल्या माश्या, त्यांना रवा, गूळ, यीस्ट आणि खाद्य घट्ट करणारं अगर-अगर शिजवून घालायचं. रविवार पेठेतला वाणी दर खेपेला विचारतो, घरात कार्य आहे काय? शेजारच्या काकू तर सरळच. ‘काय करूलालीस गं तिथं? आमी मारतो नि तू पाळतीस?’

करते काय, तर माश्या झोपतात कधी आणि उठतात कधी, ते बघते. बोटाएवढ्या काचेच्या नळीत एक माशी, एका टोकाला खाद्य, दुसऱ्या टोकाला कापूस, मधोमध अवरक्त किरण. माशी तो ओलांडते तेव्हा नोंद होते. सलग ५ मिनिटं हलली नाही तर झोपली असं धरायचं. हालचालीचा आलेख काढला की पहाटे एक उंचवटा, संध्याकाळी दुसरा, मध्ये दुपारची दरी. उष्णता वाढवली की दरी आणखी रुंदावते. आणि नर माद्यांपेक्षा दुपारी जास्त झोपतात. हे मी एकदा पंगतीत सांगितलं. दादानं मान डोलावली. वहिनी काही बोलली नाही, पण त्या दिवशी भांडी जरा जोरात घासली गेली.

काळोखातले प्रयोग असले की आम्ही लाल दिव्यात काम करतो, कारण गडद लाल उजेडानं माशीच्या शरीरातलं झोप-जागेचं घड्याळ हलत नाही. त्या खोलीत शिरलं की मला खानापूरचं देवघर आठवतं. तिथेही असाच लाल झिरोचा बल्ब रात्रभर जळायचा. मे महिन्यात आम्ही सगळी पोरं माजघरात ओळीनं झोपायचो. परसातला फणस पिकलेला असायचा आणि त्याचा वास पांघरुणातसुद्धा यायचा. झोप लागेपर्यंत त्या लाल उजेडात घरातल्यांची ये-जा बघायची. थोरले आबा दिवेलागणीला जेवून आडवे व्हायचे आणि साडेतीनला उठून अंगण झाडायचे. खराट्याच्या आवाजानं कोंबडा उठायचा. मधले काका भजनाहून मध्यरात्री यायचे, गार भात दह्याशी कालवून खायचे आणि सकाळी दहापर्यंत उठायचे नाहीत. धाकटे काका केव्हाही दिसायचे. कधी दुपारी बाराला गाढ, कधी पहाटे दोनला ओट्यावर बसलेले.

पुढे एम.एस्सी.ला कोनोप्का आणि बेंझर या अमेरिकी शास्त्रज्ञांचं माश्यांवरचं १९७१चं काम शिकवलं तेव्हा मला वर्गात हसू आवरेना. माश्या कोशातून बाहेर पडतात त्या पहाटेच्या सुमाराला. कोनोप्कानं वेळ चुकवणाऱ्या माश्या वेचून काढल्या. एकीचा दिवस १९ तासांचा, दुसरीचा २८, तिसरीला दिवस असा नाहीच. आणि तिन्ही बिघाड एकाच जनुकातले. म्हणजे आमचं खानापूरचं माजघरच की! (या जनुकाचं काम पुढं नेणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७चं नोबेल मिळालं. कोनोप्का त्याआधी दोनच वर्षं, २०१५ला गेला. हे मला अजून खटकतं.)

आबांसाठी तर पुरावाच सापडला. अमेरिकेत युटामधलं एक कुटुंब संध्याकाळी साडेसातला पेंगायचं आणि पहाटे साडेचारला टक्क जागं व्हायचं. २००१ साली त्यांच्या त्याच जातीच्या एका जनुकात फरक मिळाला. आबा असते तर म्हणाले असते, ‘मग? त्यात शोधायचं काय? उठायची वेळ तीच.’

धाकट्या काकांचं मात्र जनुकावर ढकलता येत नाही. आजी सांगायची, नोकरीआधी हा पोरगा कोंबड्याबरोबर उठायचा. मग उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत लागले. तीन पाळ्या, आठवड्याला बदलणाऱ्या. रात्रपाळी करून आले की आम्ही पोरं अंगणात दंगा घालायचो आणि आजी आमच्यावर ओरडायची. कावीळ झाली तेव्हाही चौथ्या दिवशी कामावर. आता निवृत्त आहेत, तरी झोप अजून जुळत नाही. डॉक्टर गोळी देतात, ती दुपारी लागू पडते.

धडधाकट माशीलासुद्धा २४ तास लख्ख उजेडात ठेवली तर काही दिवसांत तिचा ताल मोडतो, जनुकाला धक्का न लावता. हा प्रयोग मी स्वतः लावते. माश्यांसाठी कुणाची परवानगी लागत नाही, उंदीर असते तर नीतिमत्ता समितीपुढे अर्ज करावा लागला असता. काकांच्या पाळ्यांचा कागद कारखान्याच्या गेटावर चिकटवलेला असायचा, दर सोमवारी नवा.