दोऱ्याएवढा बोळ

माझं दुकान म्हणजे आठ बाय दहाचा गाळा. पिको, फॉल, ब्लाउज आणि जूनच्या तोंडावर शाळेचे गणवेश. दारासमोरूनच जुन्या वखारीच्या कडेनं एक बोळ ओढ्याकडे उतरतो. फरशीवरून, म्हणजे ओढ्यावरच्या ठेंगण्या बांधावरून, पलीकडे गेलं की समोर एसटी स्टँड. पंचवीस वर्षं गणवेश शिवतेय, त्यामुळे बोळातून जाणारी निम्मी पोरं मला मापासकट पाठ आहेत.

आमचं तालुक्याचं गाव. नगरपालिकेचा नवीन विकास आराखडा, म्हणजे पुढे कुठे घरं, दुकानं, रस्ते असावेत याचा नकाशा आला, मसुदा जाहीर झाला आणि त्यात हा बोळ नव्हताच.

तसं मला कळणारही नव्हतं. नोटीस राजपत्रात आली, पेपरात आली, पालिकेच्या फळ्यावरही लागली. पण जाहीर नोटिसा वाचतात वकील आणि प्लॉटवाले. आमच्या आळीतला एक मुलगा आयटीआय करून ड्राफ्ट्समन झालाय. तो आईचे ब्लाउज न्यायला आला आणि म्हणाला, "काकू, तुमच्या समोरचं सगळं निळं झालंय, बघितलं का?" निळं म्हणजे व्यापारी. हरकती-सूचनांना तीस दिवसांची मुदत होती, त्यातले सतरा तोवर संपलेले.

दुसऱ्या दिवशी दुकान दुपारी बंद ठेवून त्या मुलाबरोबर पालिकेत नकाशा बघायला गेले. भिंतीवर टेपनं चिकटवलेला मोठा कागद, पिवळा राहण्याचा भाग, हिरवी बाग, मधून जाड रेघांचे डीपी रोड, म्हणजे आराखड्यातले रस्ते. पाच मिनिटं मला आमचं गावच सापडेना. मग मारुतीचं देऊळ सापडलं, तिथून बोट फिरवत फिरवत आमची आळी. मुलानं समजावलं, हा नकाशा एकास पाच हजार, म्हणजे एक सेंटीमीटरला पन्नास मीटर. मी मनात हिशेब केला. आमचा बोळ सहा फुटांचा. या कागदावर तो काढायचा तर साधारण मशीनच्या दोऱ्याएवढा येईल. डोळ्यात न भरण्यासारखाच. पण दोरा निसटला की शिवण उसवते, हे शिंप्याला कुणी सांगायला नको.

तो निसटला कसा, हेही हळूहळू कळलं. आराखड्याच्या आधी गावात आज कुठे काय आहे याची पाहणी होते, विद्यमान भूवापर नकाशा म्हणतात त्याला. त्यात वखार एकच सलग मिळकत म्हणून नोंदली गेली. बोळ आहे वखारीच्या मालकाच्या जागेतून, नुसत्या वहिवाटीचा. कागदावर कुठेच नाही. त्यामुळे पाहणी करणाऱ्यांचीही फार चूक म्हणता येणार नाही. ते बहुधा भर दुपारी आले असतील, तेव्हा बोळात कुत्रंही नसतं.

नव्या आराखड्यात स्टँडकडे जायला अठरा मीटरचा रस्ता दाखवला होता, दक्षिणेकडून वळसा घालून. गाड्यांना उत्तम. मी एका रविवारी दोन्ही वाटा चालून बघितल्या: बोळातून सहा मिनिटं, वळशानं बावीस. शिवाय त्या बाजूनं हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर जातात. त्यांच्या कडेनं दप्तर घेतलेलं तिसरीतलं पोर चालवायचं म्हणजे आईबाप शाळा बदलतील किंवा गाडी घेतील.

हरकत लिहायला बसले आणि दोन पानं भरून काढली. आमच्या आजेसासूबाईंपासूनची ही वाट, गरिबांचे हाल, सगळं. खिडकीतल्या लिपिकानं वाचली आणि परत दिली. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "ताई, यात नकाशाचा शीट नंबर कुठाय? सिटी सर्व्हे नंबर कुठाय? आराखड्यात काय दाखवलंय आणि तुम्हाला काय पाहिजे, एवढंच लिहा." तेव्हा राग आला होता. आता वाटतं, सगळ्या प्रकरणात सर्वात कामाचा सल्ला त्याचाच.

त्याच सुमारास रस्त्यात घरं जाणाऱ्या मंडळींनी एकच छापील मजकूर झेरॉक्स करून शे-दोनशे हरकती दिल्या. पुढे सुनावणीला त्या सगळ्यांना एकत्रच बोलावलं, एकानं बोलायचं आणि बाकीच्यांनी मान हलवायची. आम्ही नऊ जणींनी नऊ वेगळ्या लिहिल्या. भाजीवालीनं पाटी डोक्यावर घेऊन वळसा पडतो ते लिहिलं, अंगणवाडीच्या बाईंनी मुलांचं, एकीनं डायलिसिसला एसटीनं जाणाऱ्या नवऱ्याचं. प्रत्येकीच्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि क्रमांक मारून घेतला. त्या पोचा मी अजून गणवेशांच्या मापांच्या वहीत ठेवल्यात.

आणि मोजणी. ही कल्पना त्या ड्राफ्ट्समन मुलाची. "काकू, खूप माणसं जातात असं लिहू नका, किती ते लिहा." मशीन सोडून पाटी-पेन्सिल घेऊन बसणं जमणार नव्हतं. मग बटणं घेतली. मोठ्या माणसाला काळं, शाळेच्या पोराला पांढरं, सायकलीला पितळी. माणूस गेलं की बटण डब्यात. तीन दिवस सकाळी सात ते नऊ मी, संध्याकाळी शेजारीण. एका सकाळी साडेचारशेच्या वर बटणं निघाली, त्यात निम्म्याहून जास्त पांढरी. मला स्वतःलाच खरं वाटेना, परत मोजली.

दरम्यान वखारीचे शेठ दुकानात आले. इतक्या वर्षांत त्यांनी कधी बोळ अडवला नाही, हेही सांगायला हवं. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "वहिनी, माझ्या जागेवर सरकारी रस्ता टाकायला निघालात?" मला उत्तर देता येईना, कारण ते खरंच होतं. त्यांची मुलं पुण्याला, वखार विकायची त्यांच्या मनात. विकत घेणारा पहिल्या दिवशी कुंपण घालणार, हे त्यांनाही माहीत होतं. वाटेपुरती जागा पालिकेनं घेतली तर मोबदला किंवा तेवढा एफएसआय, म्हणजे बांधकामाचा हक्क मिळतो, असं ड्राफ्ट्समन मुलानं त्यांना सांगितलं. शेठ म्हणाले, "आमच्या गावात एफएसआय घेतो कोण?" यावर मुलगाही गप्प. चहा झाला, तोड निघाली नाही.

माझी नणंद दादरला असते. ती फोनवर म्हणाली, काळजी करू नको, 2015 मध्ये मुंबईच्या आराखड्यात इतक्या चुका निघाल्या की सरकारनं तो नव्यानं करायला लावला, सुधारित मसुदा पुढच्या वर्षी आणि मंजुरी 2018 ला. तिला धीर द्यायचा होता. मला फक्त वर्षं ऐकू आली.

सुनावणीचं पत्र आलं. नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनानं नेमलेले जाणकार, जास्तीत जास्त चार. माझी वेळ साडेअकराची, नंबर लागला पावणेतीनला. बाहेरच्या बाकावर बसलेले बहुतेक सगळे आपल्या प्लॉटवरचं आरक्षण, म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा, उठवा म्हणायला आलेले. आत गेल्यावर पहिला प्रश्न तोच.

"तुमची जागा बाधित होते का?"

"नाही."

"मग हरकत कशाची?"

कायद्यात कोणीही हरकत देऊ शकतं, हे मी पाठ करून गेले होते. 1966 चा नगररचनेचा कायदा, कलमासकट. ऐनवेळी तोंडातून काहीच निघेना. पिशवीतून डबा काढला आणि टेबलावर ठेवला. "ही एका सकाळची माणसं." एक जाणकार पुढे वाकले, पांढरी बटणं बोटानं बाजूला सारत म्हणाले, "ही पोरं?" मग त्यांनी शीट मागवलं, पट्टी ठेवली, फरशीची रुंदी विचारली, पावसाळ्यात किती दिवस पाण्याखाली जाते ते विचारलं. चार-पाच मिनिटं झाली असतील. डबा परत द्यायला शिपाई मागून धावत आला.

समितीनं आमच्या मागणीपैकी अर्धं मानलं. वखारीच्या कडेनं तीन मीटरचा पादचारी मार्ग दाखवावा, अशी शिफारस झाली. फरशीच्या जागी छोटा पूल हवा होता, ते आराखड्याचं नाही, बांधकामाचं काम, असा शेरा आला. वळशाचा अठरा मीटरचा रस्ता जसाच्या तसा. आराखडा आता शासनाकडे गेलाय. तिथे बदल मोठा वाटला तर पुन्हा सूचना, पुन्हा हरकती. मंजूर झाल्यावरही जागा ताब्यात यायला पैसे लागतात, आणि दहा वर्षांत घेतली नाही तर मालक नोटीस देऊन आरक्षण व्यपगत, म्हणजे रद्दबातल करून घेऊ शकतो, हे मला आता माहीत झालंय.

शेठ महिनाभर बोलत नव्हते. मग दिवाळीआधी त्यांनी बोळाच्या तोंडाशी लोखंडी गेट बसवलं. माझ्या पोटात गोळा आला. संध्याकाळी त्यांचा माणूस दुकानात आला, काउंटरवर किल्ली ठेवली आणि म्हणाला, शेठनी सांगितलंय, रात्री गुरं शिरतात म्हणून गेट आहे, सकाळी पहिल्या एसटीच्या आधी वहिनींनी उघडावं.

पहिली एसटी पावणेसहाची. तेव्हापासून माझी झोप गेली.