कपाळ धरणारं माणूस

गुढीपाडव्याच्या दुपारी आपण काय काय करतो ते जरा आठवून बघा. फ्रिजमधून नुकतं काढलेलं आंबटगोड श्रीखंड, तळलेल्या टम्म पुऱ्या, वर आग्रहाची आणखी एक वाटी, आणि मग पंखा पाचावर ठेवून ताणून दिलेली झोप. आता वाग्भटाच्या अष्टांगहृदयातला, म्हणजे आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातला, ऋतुचर्येचा अध्याय उघडा. वसंतात काय टाळावं? जड, थंड, स्निग्ध, आंबट, गोड आणि दिवसाची झोप. सहाच्या सहा गोष्टी आपण एका दुपारीत उरकतो, आणि सकाळी कडुनिंबाची चार पानं चावली होती या भांडवलावर निवांत घोरतो.

वाग्भटाचा हिशेब सरळ आहे. थंडीभर अंगात साठलेला कफ वसंतातल्या उन्हाने सुटतो, फळीवरच्या बरणीतलं थिजलेलं तूप पाघळावं तसा. भूक मंदावते, डोकं जड होतं, नाक वाहायला लागतं. तो बाहेर काढायचा उपाय म्हणजे वमन, औषध देऊन मुद्दाम करवलेली उलटी. पावसाळ्यात वाताचा जोर, तेव्हा बस्ती, म्हणजे औषधी एनिमा. शरदात पित्त उसळतं, तेव्हा विरेचन, म्हणजे जुलाब. दर ऋतूला त्याची त्याची झाडलोट. पुण्यात तर होळीच्या मागेपुढे 'वासंतिक वमन शिबिर' असे फलक दिसू लागतात.

आमच्याकडे दर फाल्गुनात नवऱ्याच्या शिंका सुरू होतात. सकाळी उठल्यापासून एकामागून एक, इतक्या की खालच्या मजल्यावरच्या काकू त्यावर घड्याळ लावतात. शेवटी यंदा त्याने एका वैद्यबाईंकडे नाव घातलं. मला वाटलं, एका सकाळचं काम असेल. उलटी करायला असा कितीसा वेळ लागतो?

पण आधी तूप. रोज सकाळी उपाशीपोटी औषधी तूप प्यायचं, तेही चढत्या मापाने. वर फक्त गरम पाणी, आणि कडकडून भूक लागेपर्यंत तोंडात दुसरं काही नाही. 'खाईन तर तुपाशी, नाही तर उपाशी' असा बाणा आजवर ऐकला होता. इथे माणूस तुपाशी आणि उपाशी एकाच वेळी असतो. पहिल्या दिवशी नवऱ्याने ऐटीत पेला रिकामा केला. पुढे पुढे पेला समोर आला की तो खिडकीबाहेर बघायचा. कडू, काळपट हिरवं तूप ते, वरणभातावरचं नव्हे. वैद्यबाईंना मात्र आनंद झाला. तुपाचा वीट येणं हे म्हणे तूप अंगात पुरेसं मुरल्याच्या खुणांपैकी एक. रुग्ण वैतागला की उपचार योग्य चाललाय, असं इतक्या उघडपणे मानणारं दुसरं शास्त्र मला माहीत नाही.

मग तेल आणि वाफ. आणि वमनाच्या आदल्या दिवशी, विश्वास बसणार नाही, पथ्य म्हणून दहीवडे, उडदाचे वडे, बासुंदी, जिलेबी! कफ नीट सुटावा, वर यावा म्हणून. वैद्यबाईंनी हे सगळं स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं होतं. तो कागद नवऱ्याने जपून ठेवलाय. आमच्या घरात बासुंदीला लेखी परवानगी मिळाल्याचा तो एकमेव पुरावा.

वमन सकाळी लवकर, कारण तो कफाचा काळ. एका स्वच्छ खोलीत गुडघाभर उंचीच्या खुर्च्या, प्रत्येकीसमोर पातेलं, शेजारी मापं कोरलेला जग. किती आत गेलं आणि किती बाहेर आलं, दोन्ही लिहायचं. रक्तदाब आणि नाडी मधूनमधून बघायची. हृदयविकार, अल्सर, गरोदरपण, फार वय, फार अशक्तपणा असेल तर वैद्यबाई आधीच नाही म्हणतात. यूट्यूब बघून घरच्या घरी मिठाचं पाणी पिणाऱ्यांना तर त्या फोनवरच झापतात.

गळ्याशी येईपर्यंत दूध पाजलं. त्यावर गेळफळाचं, म्हणजे उलटी आणणाऱ्या फळाचं चाटण, मध आणि सैंधव घालून. मग थोडा वेळ काहीच नाही. माणसं एकमेकांकडे बघत बसलेली, कपाळावर घाम, पोटात गुडगुड, आणि चेहऱ्यावर रेल्वेच्या परीक्षेला बसल्याचा भाव.

आणि मग ते सुरू झालं.

त्याचं वर्णन करत नाही. मला सांगायचंय ते दुसरंच. प्रत्येक खुर्चीमागे एक माणूस उभं असतं. एक हात कपाळाला, दुसरा पाठीवर, खालून वर चोळत. नवऱ्याने मला आत बोलावलं होतं, म्हणून मी होते. बाजूच्या खुर्चीवर एक नुकते निवृत्त झालेले गृहस्थ होते. त्यांची बायको बाहेरच्या बाकावर बसलेली. "हे म्हणाले, तू बघू नकोस," तिने मला आधीच सांगितलं होतं. त्यांचं कपाळ तिथल्या मावशींनी धरलं. ते गृहस्थ ओठ घट्ट मिटून बसलेले. मावशी म्हणाल्या, "दादा, लाजू नका. इथं समदे त्याच्यासाठीच आल्यात." तरी त्यांचं काही मोकळेपणाने होईना.

पलीकडे एक आयटीतला मुलगा. त्याच्याबरोबर त्याचा रूममेट आला होता, तो मोबाईल सरसावूनच. पहिल्या उलटीला त्याला खुदकन हसू फुटलं. पुढच्या वेगाला, म्हणजे उलटीच्या पुढच्या उमाळ्याला, मित्राचं अंग थरथरायला लागलं तसा त्याने मोबाईल खिशात कोंबला आणि पुढे होऊन त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं. एक शब्द नाही. पाठ कशी चोळायची ते त्याला ठाऊक नव्हतं. मावशींकडे बघून बघून तो चोळत होता.

घरी आल्यावर मी चरकसंहितेचं, आयुर्वेदाच्या दुसऱ्या जुन्या ग्रंथाचं, मराठी भाषांतर काढलं. सूत्रस्थानाचा पंधरावा अध्याय याच विषयावर आहे: शोधन, म्हणजे वमन-विरेचनासारखी झाडलोट, द्यायचं तर आधी जमवाजमव काय करावी. वाचताना मजा येते. वारा न लागणारं मजबूत घर हवं, पण एका बाजूने हवा खेळती हवी. स्वयंपाकी हवेत, अंग रगडणारे हवेत. गाणारे, वाजवणारे, गोष्टी आणि पुराणं सांगणारे हवेत. लावे, ससे, हरणं हवीत, आणि वासरू जिवंत असलेली दुभती गाय हवी. अर्थात हे राजेरजवाड्यांचं. गरिबावर वेळ आली तर त्याने एवढ्या सामानाची वाट न बघता औषध घ्यावं, असंही चरक तिथेच सांगून मोकळा होतो.

पण त्याच अध्यायात पुढे, प्रत्यक्ष वमनाच्या वेळी कपाळ कोणी धरावं, कुशी कोणी सावराव्यात, पाठ कोणी चोळावी, हेही सांगितलंय. ज्यांच्यासमोर लाज वाटणार नाही अशा स्नेह्यांनी. चरकाने इथे नातं सांगितलेलं नाही. बायको, भाऊ, मुलगा, काही नाही. फक्त लाज वाटणार नाही असं माणूस.

मी पुस्तक मिटलं आणि बोटं मोजायला लागले. लहानपणी आई होती. एसटी घाटाला लागली की तिचा हात कपाळावर आधी यायचा आणि ओकारी नंतर. तिच्यानंतर कोण? दिवाळीला फराळाचे डबे जातात ती घरं पुष्कळ आहेत. दवाखान्यात भेटायला येतील असेही बरेच. पण पातेल्यासमोर वाकलेली असताना मागे उभं असावं असं वाटणाऱ्यांची यादी फार आखूड निघाली, आणि तिच्यात एका माणसाचं नाव बघून माझं मलाच नवल वाटलं. ऑफिसातली एक जुनी मैत्रीण, जिच्याशी मी गेल्या दिवाळीपासून धड बोललेलेही नाही.

नवऱ्याच्या यादीत मी आहे हे मला त्या सकाळी कळलं. इतक्या वर्षांत त्याने कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. त्याचं कपाळ तेलाने निसरडं झालेलं, सारखं हातातून सटकायचं. वैद्यबाई मोठ्याने वेग मोजत होत्या. आठ झाले तर उत्तम, सहा मध्यम, चार कमी, असा शास्त्रातला हिशेब. शेवटी पिवळं, कडू पित्त दिसलं तशा त्या म्हणाल्या, "झालं, बास." नवरा माझ्याकडे बघून इतका खुलून हसला की लग्नाच्या फोटोतसुद्धा तो तसा हसलेला नाही.

यानंतरचा भाग कोणी सांगत नाही, आणि खरी परीक्षा तीच. आधी नुसती पेज. मग जरा दाट, मऊ भात. मग मुगाचं कढण, आधी बिनफोडणीचं, मग फोडणीचं. आठवडाभर अशी पायरी पायरीने भूक परत आणायची. मोठ्याने बोलायचं नाही, चिडायचं नाही, प्रवास नाही, दुपारची झोप नाही. चिडायचं नाही हे पथ्य त्याचं होतं, पण पाळावं मला लागलं. बिनफोडणीचं कढण समोर ठेवल्यावर तो जे तोंड करायचा ते बघूनही मी गप्प राहिले, याची नोंद कुठल्याच मापाच्या जगावर झाली नाही.

शिंका गेल्या का? कमी झाल्या. पण याच सुमारास समोरच्या इमारतीचं बांधकामही थांबलं आणि धूळ कमी झाली, तेव्हा श्रेय कोणाला द्यायचं ते मी ठरवलेलं नाही. अंगातली 'विषद्रव्यं' निघून गेली वगैरे भाषा मला फारशी पटत नाही. त्या कामाला यकृत आणि मूत्रपिंडं बारमाही हजर असतात. नवऱ्याला मात्र हलकं वाटतंय, आणि खालच्या काकूंनी आता भिंतीवर नवं घड्याळ आणलंय.

त्या मैत्रिणीला मी फोन केला. कशासाठी केला ते सांगितलं नाही, कसं सांगणार! तासभर बोललो, तिच्या सासूच्या गुडघ्यांपासून कोथिंबिरीच्या भावापर्यंत.

वैद्यबाईंनी नवऱ्याला शरदातल्या विरेचनासाठी आत्ताच विचारून ठेवलंय. तिथे वेगांचा हिशेब दहा, वीस, तीस असा, आणि कपाळ धरायला कोणी लागत नाही; दार लावून ज्याचं त्याने मोजायचं. तो विचार करतोय. आदल्या दिवशी बासुंदी असते का, एवढंच त्याने विचारलं. नसते, असं कळल्यापासून विचार लांबलाय.