प्रोसेसर बसवताना जोर कुठे द्यायचा

स्वतःचा कॉम्प्युटर स्वतःच असेंबल करायचा असं ठरवलं, तेव्हा सगळ्यांनी मला एकाच गोष्टीची भीती घातली. रॅम लाव, एसएसडी लाव, वायरी जोड, पण प्रोसेसर मात्र दुकानातूनच बसवून आण. मला नेमकं तेच करायचं होतं. मी पुस्तकांची पानं लावायचं काम करते, दिवसाचे आठ-दहा तास या यंत्रासमोर जातात. ते आतून कसं जोडलेलं आहे, हे ऐकून नाही तर हाताने कळायला हवं होतं.

प्रोसेसर घेतला इंटेल कोअर आय-५ १२४००. सहा कोअर (आत हिशेब करणारे स्वतंत्र विभाग), बारा थ्रेड (एका वेळी चालू शकणारी कामं), आणि ग्राफिक्स आतच असल्यामुळे वेगळं कार्ड लागत नाही. याच क्रमांकापुढे ‘एफ’ अक्षर असलेला प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो, पण त्यात ग्राफिक्स नसतं, त्यामुळे बिल करताना हे अक्षर नीट बघा. बोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड, एच-६१० चिपसेटचा (बोर्डावरच्या मुख्य चिपचा प्रकार), डीडीआर-४ रॅमचा. या बोर्डांवर माझ्यासारखा बाराव्या पिढीचा प्रोसेसर थेट चालतो. तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचा घेणार असाल, तर बोर्डाचं बायोस (कॉम्प्युटर चालू होताना आधी चालणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) तेवढं नवीन आहे का, हे दुकानातच विचारून घ्यावं लागतं.

खरेदी मुंबईला, ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर केली.

“ताई, पाच मिनिटांत बसवून देतो, वेगळे पैसे नाही घेणार,” काउंटरवरचा माणूस म्हणाला.

“नको दादा, बसवणार मीच आहे. सॉकेट तेवढं इथेच उघडून दाखवा.”

हा आग्रह प्रत्येकाने धरावा, असं मला मनापासून वाटतं. या प्रोसेसरला स्वतःच्या पिना नसतात, खाली फक्त सोनेरी ठिपके असतात. पिना असतात बोर्डावरच्या सॉकेटमध्ये, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या जागेत, एलजीए १७०० या नावाप्रमाणे तब्बल १७००. केसासारख्या बारीक, वाकवलेल्या स्प्रिंगच. एखादी वाकली तर बोर्ड सुरूच होत नाही, किंवा रॅमचा एखादा स्लॉट दिसेनासा होतो, आणि वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही. त्यांनी बोर्ड ट्यूबलाइटखाली तिरपा धरला. पिना सरळ असल्या की सगळ्या सॉकेटवर एकसारखी चमक येते. वाकलेली असली तर त्या जागी चमक तुटते. आमची चमक अखंड होती.

घरी काम सुरू केलं ते थंडीच्या दिवसांत. हवा कोरडी असते तेव्हा अंगावर स्थिर वीज साठते. म्हणून लोकरी स्वेटर काढून ठेवला, सतरंजी बाजूला केली आणि टेबलावर बोर्डाचा पुठ्ठ्याचा खोका पालथा घालून त्यावर बोर्ड ठेवला. एसएमपीएसची, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याची, वायर भिंतीच्या थ्री-पिन सॉकेटमध्ये लावली, बटण बंदच. घरात अर्थिंग नीट असेल तर एसएमपीएसच्या उघड्या धातूला हात लावला की अंगातली वीज जमिनीत जाते. कुठल्याही भागाला हात लावायच्या आधी तिथे हात टेकवायचा, असा नेम केला.

सॉकेटच्या कडेला पोलादी दांडी असते. ती किंचित खाली दाबून बाहेरच्या बाजूला सरकवली की आकड्यातून सुटते आणि वर येते. मग धातूची चौकट उचलायची. चौकटीत काळं प्लॅस्टिकचं झाकण अडकवलेलं असतं, ते काढायचं नाही. धाकटा भाऊ टॉर्च धरून उभा होता.

“ताई, उलटा तर नाही ना बसत?”

बसत नाही. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर छोटा सोनेरी त्रिकोण असतो आणि तशीच खूण सॉकेटच्या कोपऱ्यावर असते. शिवाय कडांना खाचा आहेत, त्या सॉकेटमधल्या उंचवट्यांवरच बसतात. आकारही चौरस नाही, ४५ बाय ३७.५ मिलिमीटरचा आयत आहे. प्रोसेसर फक्त कडांना धरून, खालच्या ठिपक्यांना बोट न लावता सरळ खाली उतरवला आणि सोडून दिला. इथे जोर शून्य. दाबायचं नाही, सरकवायचं तर मुळीच नाही, कारण सरकताना तो पिनांना घेऊनच सरकतो. खाचा जुळल्या आहेत आणि चारही कडा एका पातळीत आहेत, हे टॉर्चच्या उजेडात बघून घेतलं.

यानंतरचा भाग मात्र मन घट्ट करून करायचा. चौकट खाली आणली आणि दांडी दाबू लागले. अर्ध्यावर आल्यावर ती अडल्यासारखी झाली आणि आतून करकर असा आवाज आला. इतका नाजूक भाग, इतका जोर आणि वर तो आवाज! पण १७०० स्प्रिंगांपैकी प्रत्येक थोडी थोडी उलट ढकलत असते, आणि ते सगळं ढकलणं एकत्र येऊन दांडीवर जाणवतं. दांडी हलकी लागली असती तर स्पर्श नीट झाला नसता. प्रोसेसर सरळ बसला आहे ही खात्री आधीच केली असेल, तर हा जोर योग्यच असतो. दांडी आकड्याखाली गेली आणि काळं झाकण आपोआप उसळून बाहेर आलं. ते जपून ठेवा. बोर्ड वॉरंटीत द्यायची वेळ आली तर पिनांवर ते झाकण लागतं.

प्रोसेसर थंड ठेवणारा पंख्याचा कूलर त्याच्या खोक्यातच येतो. कूलरच्या तळाला उष्णता नीट ओढून घेणारी राखाडी पेस्ट आधीच लावलेली असते, वेगळी लावायची गरज नाही, फक्त तिला बोट लागू द्यायचं नाही. एका मित्राने त्याचा जुना, चांगला कूलर देऊ केला होता, पण तो आधीच्या पिढीच्या बोर्डाचा. त्या बोर्डांवर कूलरच्या भोकांमधलं अंतर ७५ मिलिमीटर होतं, या सॉकेटला ७८ आहे. तीनच मिलिमीटरचा फरक, पण बसत नाही म्हणजे नाही.

कूलरचे चार खटके कर्णरेषेत दाबायचे, एक इकडचा तर पुढचा त्याच्या तिरप्या समोरचा. ओळीने दाबले तर एक बाजू उचलली जाते आणि पेस्ट एकीकडेच पसरते. भावाने बोर्ड दोन्ही कडांनी उचलून धरला, म्हणजे खटक्यांच्या टोकांना खाली उतरायला जागा राहिली. इथेही अंगठ्याने चांगलाच जोर लागतो, बोर्ड जरासा वाकतोही. टक् असा आवाज आला तरी त्यावर विसंबू नये. बोर्ड उलटा करून चारही टोकं मागून पूर्ण बाहेर आली आहेत का, हे डोळ्यांनी बघावं. मग पंख्याची चार पिनांची वायर ‘सीपीयू फॅन’ छापलेल्या जागी लावली.

कॅबिनेटमध्ये कसण्याआधी बोर्ड बाहेरच चालू करून बघितला. रॅम, २४ पिनांची मोठी वायर, वरच्या कोपऱ्यात प्रोसेसरची वेगळी आठ पिनांची वायर आणि मॉनिटर. ती आठ पिनांची वायर राहिली तर पंखे फिरतात, पण पडद्यावर काही येत नाही. बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रू-ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं, पंखा फिरला आणि थोड्या वेळाने बायोसमध्ये प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसलं. मला खूप आनंद झाला, पण नजर तापमानाच्या आकड्यावरच होती. तो पस्तिशीच्या आसपास स्थिर राहिला. कूलर नीट टेकला नसता तर हाच आकडा बघता बघता चढत गेला असता. नंतर पूर्ण भार टाकून बघितलं तेव्हा सत्तरीच्या जवळ जाऊन थांबला. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे, त्यामुळे उन्हाळ्यासाठीही पुरेशी जागा राहते.

बोर्ड कॅबिनेटमध्ये कसणं आणि पुढच्या बटणांच्या बारीक वायरी लावणं हे काम मग भावाने मागून घेतलं.